भगवंताचा बेंजो

"हे गाणं ऱ्हाऊ दे. दुसरं काय येतं?" साळुबाईने विचारलं.

ओसरीवर बसलेल्या पोराने मान हलवली. त्याला तेवढं एकच गाणं येत होतं. काल आलेल्या पोरालाही तेच येत होतं.

ते गाणं मुंबईच्या एका पॉपगायिकेचं. निळे केस, कानात मोठाल्या रिंगा आणि गळ्यात चक्क बेंजो. गाणं मोबाईलवर आलं आणि बघता बघता जुन्नर-आंबेगावातली पोरं बेंजो शोधत फिरू लागली. डीजे आल्यापासून वरातीतल्या बेंजो पार्ट्या बंद पडल्या होत्या. वाद्यं माळ्यावर गेली होती, काही चुलीतही गेली होती. जुन्नरच्या बाजारात इस्माईलभाई बेंजो बनवायचे. मधली बरीच वर्षं ते मिक्सर दुरुस्त करत बसले. आता त्यांच्या दुकानापुढे पुन्हा मोटारसायकली लागू लागल्या.

"नवा बेंजो मी देईन करून," ते पोरांना सांगायचे, "पण आवाज ऐकायचा तर महाळुंगे पडवळला जा. भगवंताचा बेंजो ऐका. माझ्या हातचा आहे, पण आवाज त्याने काढलाय."

साळुबाईचा नवरा भगवंत जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याचा बेंजो साळुबाईने जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. तो विकायचा नाही, योग्य माणसाला द्यायचा, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. येईल त्याला ती ओसरीवर बसवायची, वाजवायला लावायची, चहा पाजायची आणि रिकाम्या हाती परत पाठवायची.

"वहिनीला भगवंतासारखा हात पाहिजे," इस्माईलभाई लोकांना सांगत. "तो कुठून मिळणार?"

आणि मग तो मिळाला. नारायणगावचा ऋषी. त्याचं वाजवणं ऐकून इस्माईलभाई दुकान बंद करून स्वतः त्याला घेऊन आले. वाटेत त्यांनी त्याला भगवंताची गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांनाच सांगत.

"तळेघरला वरात होती. मध्येच घरून निरोप आला, पोरगी लई आजारी आहे, ताबडतोब निघा. ह्या गड्यानं वरात दारात पोचवली, शेवटचं गाणं पुरं केलं, मगच बेंजो खाली ठेवला. असा कलाकार पुन्हा व्हायचा नाही."

ऋषीने आदराने कानाच्या पाळीला हात लावला.

ओसरीच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक भगवंताचा, फेटा बांधलेला. दुसरा फ्रॉकमधल्या मुलीचा. दोन्हींना हार होते. ऋषीने फोटोंना नमस्कार केला आणि बेंजो मांडीवर घेतला.

आधी त्याने ते पॉपगायिकेचं गाणं वाजवलं. मग त्यातूनच हळूच वळण घेऊन एका जुन्या लावणीच्या चालीत शिरला. बटणांवरची बोटं दिसेनाशी झाली. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. इस्माईलभाईंनी डोळे मिटले.

ऋषीचा मोबाईल शेजारी थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा त्याने तो पालथा घातला. ताल तसूभरही हलला नाही.

वाजवून झाल्यावर ऋषीने बेंजो खाली ठेवला.

"फोन कुणाचा व्हता?" साळुबाईने विचारलं.

"बायकोचा. वाजवताना मी घेत नाही, मावशी. तिला माहितीये."

साळुबाईने पदराने डोळे पुसले. "लई गोड वाजवलंस बाळा. त्यांची आठवण करून दिलीस." मग ती उठली आणि बेंजो लुगड्यात गुंडाळू लागली. "पण ह्यो तुला न्हाई देता यायचा."

इस्माईलभाई ऋषीला घेऊन निघून गेले. महिनाभर ते महाळुंग्याकडे फिरकले नाहीत.

मग एक दिवस साळुबाईचाच फोन आला. बेंजोची एक तार उतरली होती. ते आले, तार लावली, तेवढ्यात पप्पू नावाचा एक माणूस दारात आला. पारगावच्या साखर कारखान्यात कामाला होता. गाणं मोबाईलवर बघून शिकलो, म्हणाला.

शिकला होता म्हणायचं एवढंच. एक बटण दाबायचा, दुसरं शोधायचा. इस्माईलभाईंना हसू आवरेना.

"कुणासाठी शिकतुयास?" साळुबाईने विचारलं.

"पोरीला लई आवडतं हे गाणं. कामावरून आलो की ती नाचते, मी वाजवतो. शेजाऱ्याचा बेंजो व्हता, त्यानं परत नेला."

त्याने पुन्हा सुरुवात केली. फोन वाजला, तसा सूर अर्ध्यातच टाकून त्याने तो कानाला लावला.

"पडली? कुठं लागलं? रक्त येतंय का? निघालोच मी." त्याने बेंजो बाजूला सरकवला आणि चपला शोधल्या. "मावशी, माफ करा हां. येईन पुन्हा कधी."

"थांब," साळुबाई म्हणाली.

तिने बेंजो लुगड्यात बांधला आणि तो गाडी सुरू करेपर्यंत त्याच्या पाठीवर अडकवलासुद्धा. पप्पू काहीतरी बोलायला गेला. "आधी घरी जा," ती म्हणाली. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

इस्माईलभाईंच्या हातातली पक्कड तशीच राहिली होती.

"वहिनी, काय केलंत हे? त्याला सा कुठला आन् रे कुठला कळत नाही. आन् त्या ऋषीला रिकाम्या हातानं लावून दिलंत. त्या पोरात भगवंत व्हता, वहिनी! हुबेहूब भगवंत!"

"व्हता की," साळुबाई म्हणाली. "म्हणून तर त्याला दिला न्हाई."