मीच दाखवतो

वडाळ्याच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आल्यापासून मालक हेमचंद्र सावेंना प्रत्येक मशीनचा वेग मोबाईलवर दिसायचा. हात जवळ गेला की थांबणारं पत्रे ठोकणारं प्रेस वेगात सगळ्यात मागे होतं, म्हणून त्यांनी मोबाईलवरूनच त्याचा सेन्सर बंद केला.

“साहेब, मी अशी नाही बसणार प्रेसवर,” ते प्रेस चालवणारी संघमित्रा म्हणाली.

“मग ऊठ. मीच दाखवतो.”

थोडे पत्रे सटासट निघाले आणि पुढचा ठोका त्यांच्या उजव्या पंजावर पडला. हाडं चिरडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. संघमित्राने मेन स्विच पाडला, रक्ताळलेला हात ओढणीत गुंडाळला आणि त्यांना टॅक्सीत घातलं. आणखी कुणाचा हात जाऊ नये म्हणून तिने त्यांच्या मागे राहिलेल्या मोबाईलवरून सेन्सर चालू करायला घेतला.



स्क्रीनवर सूचना आली, ‘मालकांनी उजवा अंगठा ठेवावा.’