एकतीस अंश, साठ टक्के

टोर्बेन नोकरीसाठी जर्मनी सोडून कॅनडाला गेला आणि जाताना आपली पाळलेली अजगरीण ट्रुडी, काचेच्या पेटीसकट, आईच्या दिवाणखान्यात ठेवून गेला. एरवी नाताळ आणि वाढदिवसालाच आईची आठवण होणारा हा मुलगा तेव्हापासून दर रविवारी, दुपारच्या कॉफी-केकच्या वेळेला न चुकता फोन करू लागला.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारीही हानेलोरेबाईंनी पेटीत पाण्याचा फवारा मारला, दिवा नीट तापलाय ना ते पाहिलं, आणि कॉफी ओतेपर्यंत फोन वाजलाच.

"आई, गरम बाजूला किती?"

"एकतीस."

"आणि ओलावा?"

"साठ टक्के. न्याहारी केलीस का रे?"

"केली गं. खिडकी नाही ना उघडलीस? रोज सकाळी घरभर गार वारा खेळवायची तुझी खोड एक दिवस तिच्या जिवावर उठेल, सांगून ठेवतो!"

"नाही रे बाबा. आता नाही उघडत."

"गुणाची गं माझी आई! चल, पुढच्या रविवारी करतो."

बाईंनी फोन ठेवला आणि केकचा दुसरा तुकडा परत डब्यात ठेवून दिला.



हानेलोरेबाईंनी जन्मात कधी खोटा आकडा सांगितला नव्हता. म्हणूनच जानेवारीत ट्रुडीला परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्यापासून त्यांनी रिकाम्या पेटीतला दिवा एकदाही विझू दिला नव्हता.