बोटावरचं पाखरू

पाखरानं एक पाय उचलला, कमळाच्या बोटाजवळ आणला आणि पुन्हा मागं घेतला.

कमळानं श्वाससुद्धा जपून सोडला. सपरीत, घरापुढच्या पडवीत, भिंतीला टेकून ती बसली होती. पुढ्यात स्टुलावर पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या उघड्या दारातून आत घातलेला तिचा उजवा हात. तळव्यावर राळ्याचे दाणे. हाताला केव्हाच मुंग्या आल्या होत्या, पण तिनं तो हलवला नाही.

निळं, मुठीत मावेल एवढं ते लव्हबर्ड तिच्या लेकीचं. दिव्यानी नर्सिंग शिकायला चंद्रपूरला गेली, होस्टेलवर पाखरू चालत नाही म्हणाले, म्हणून ते इथं राहिलं. आणि भित्रं तरी किती! घरात भांडं वाजलं तरी जाळीवर धडका मारायचं. धडका मारमारून त्याच्या कपाळावरची पिसं झडली होती.

"जबरदस्ती नोको करू, आई," लेक फोनवर सांगायची. "त्याले वाटन तवा येईन."

आज त्याला वाटलं. आधी एक पाय, मग दुसरा. बारीक नखं बोटाला लागली. पाखरानं एक दाणा उचलला, सोलला, टरफल खाली टाकलं. कमळाला हसू आलं, ते तिनं ओठांत दाबलं. मग धीर करून हळूहळू हात बाहेर घेतला. पाखरू बोटावरच होतं. पिंजऱ्याच्या बाहेर, उघड्यावर.

घरामागच्या सांदवाडीत कोंबड्या एकदम कलकलल्या आणि एकदम गप्प झाल्या. मुंगूस असेल, असं कमळाच्या मनात आलं. तेवढ्यात घराच्या कोपऱ्याला वळसा घालून बिबट अंगणात आला.

त्याला घाई नव्हती. तोंडात कोंबडीही नव्हती; ओठाला एक पांढरं पीस तेवढं चिकटलं होतं. पाण्याच्या टाक्याजवळ तो थांबला, जमीन हुंगली आणि मान वर केली. त्याच्यात आणि तिच्यात नुसतं सारवलेलं अंगण होतं.

पलीकडच्या गावातली सरपणाला गेलेली बाई कमळाला आठवली. तिचं लुगडंच तेवढं सापडलं होतं.

घराचं दार डाव्या हाताला होतं, उघडंच. अंग टाकलं तरी आत पडली असती. पण ती हलली असती तर पाखरू उडालं असतं, आणि उडून जाणार कुठं, तर समोर अंगणातच.

पाखरानंही बघितलं होतं. सोललेला दाणा चोचीत तसाच धरून ते थिजलं होतं. सगळी पिसं अंगाला चिकटवून त्यानं स्वतःला काडीएवढं करून घेतलं. बोटात धडधड लागत होती. ती त्याची की आपली, हे कमळाला कळेना. आता उडतं, आता उडतं, असं वाटत राहिलं. ते उडालं नाही. नखं मात्र आणखी रुतली.

बिबट दबला. मागचे पाय पोटाखाली आवळले. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

आणि रस्त्यावर मोटरसायकल वाजली. फुटक्या सायलेन्सरचा तो आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. तिचा नवरा, नानाजी, भाताच्या बांधीवरून घरी येत होता. त्याची रीत ठरलेली. उतरायचं नाही, पुढच्या चाकानं फाटक ढकलायचं आणि गाडीसकट अंगणात. फाटकापासून बिबट एका उडीवर होता. त्याचे कान तिकडे वळले. मग डोकंही वळलं.

कमळानं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. गाडी वळणावर आली, आवाज मोठा झाला. तिनं पुन्हा जोर लावला.

"दिव्यानीचे बाबा, येऊ नोका! बिबट हाय! आंगणात बिबट हाय!"

बिबट गर्रकन तिच्याकडे फिरला. त्याचे दात दिसले, लाल जबडा दिसला, आणि घशातून निघालेला तो खरखरता आवाज तिच्या छातीत घुमला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. काहीतरी धपकन आपटलं. काड्या मोडल्या. मग लांबून कोणीतरी "हाऽ हाऽ" करून ओरडलं.

डोळे उघडले तेव्हा अंगण रिकामं होतं. वाडीकडचं बांबूच्या तट्ट्याचं कुंपण आडवं झालं होतं. फाटकाबाहेर गाडी पडल्या जागी फटफटत होती. नानाजी हातात दगड घेऊन आत आला. त्याच्या मागून शेजारचा मुखरू डबा बडवत धावला, आणखी चार माणसं आली. कोणी फॉरेस्टवाल्यांना फोन लावत होतं, कोणी वाडीत पाऊलखुणा शोधत होतं. सगळे एकदमच बोलत होते.

नानाजी सपरीत चढला. त्यानं घराचं उघडं दार बघितलं, मग बायकोकडे बघितलं. हातातला दगड टाकायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. तो ओरडला.

"दार हाताशी होतं तुह्या! घरात काऊन नाई गेली?"

कमळाचा हात तसाच वर धरलेला होता. बोटावर नखांपाशी रक्ताचा एक थेंब आला होता, आणि एवढ्या गलक्यात पाखरू तिथंच बसलं होतं.

"कसी जाऊ?" ती म्हणाली. "हे आताच तं बसलं होतं."