थोरल्या आत्याचा मान

माडीच्या खिडकीतून मालनने अंगणात पाहिलं. पाळण्याभोवती घरच्याच बायका जमल्या होत्या, आणि भाच्याच्या कानाशी तिची धाकटी बहीण शकू वाकली होती. मालनचा नुसता जळफळाट झाला.

कोरोना दोघींना एकदमच झाला होता. शकूचा रिपोर्ट बाराव्या दिवशी निगेटिव्ह आला. मालन ठणठणीत बरी होऊनही पंचेचाळिसाव्या दिवशी पॉझिटिव्हच. "मेलेल्या विषाणूचे तुकडे उरलेत अंगात, त्यांची लागण होत नाही," असं डॉक्टरांनी सांगूनही भावजयीने हात जोडले, "वन्सं, बाळ लहान आहे हो." म्हणून बारशात नाव ठेवायचा थोरल्या आत्याचा मान धाकटीकडे गेला, आणि मालनने निवडलेलं नावही!

'कुर्रर्र' झालं. रीतीप्रमाणे बायकांनी शकूच्या पाठीवर धपाटे घातले. तो एकेक धपाटा खरं तर माझा, मालन चरफडली.

नंतर शकू पेढा घेऊन वर आली.

"सांगितलंस नाव?" मालनने मान न वळवता विचारलं.

"छे! कानात म्हटलं, नाव थोरली आत्या सांगेल. धपाटे मात्र मी फुकट खाल्ले."

मालन वळली. दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणाला हात लावत तिने शकूच्या पाठीत आणखी एक घातला.