पूजा झालेला फ्रिज

औषधवाला मंजुनाथ चिठ्ठीवरून घोळ घालेल अशी शुभदाची भीती होती, म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली चिठ्ठी तिने मोबाइलवर आधीच उघडून धरली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चिठ्ठी कशाला, अक्का? भव्याचं इन्सुलिन मला पाठ आहे," तो म्हणाला. "पण पूजा झाली की हो."

आयुधपूजेची दुपार होती. यशवंतपुरातली औषधांची बाकी दुकानं कुलूप लावून मोकळी झाली होती. मंजुनाथचं शटर तेवढं अर्धं वर होतं, तेही प्रसाद वाटण्यापुरतं. पायरीशी फोडलेला कोहळा, दाराला केळीचे खुंट, आणि गल्ल्यामागे काचेच्या दाराचा फ्रिज. त्याच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, विभूतीचे तीन पट्टे आणि कुंकू. मुठीला शेवंतीची माळ. काचेतून इन्सुलिनच्या बाटल्या ओळीने दिसत होत्या.

"म्हणजे?" शुभदाने विचारलं.

"आज हत्याराला हात लावायचा नाही. फ्रिज म्हणजे माझं हत्यारच की. उद्या उजाडलं की पहिलं तुम्हालाच देतो. कपाटातलं काही पाहिजे असेल तर आत्ता घ्या. कपाटाची पूजा नाही केली."

शुभदाला हसावं की रडावं कळेना. दहा वर्षांच्या लेकीला, भव्याला, दुपारची सुई देऊनही साखर चारशेच्या पुढे गेली होती. पोर पाणी पाणी करत अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, बाटली खराब झालेली दिसते, ताबडतोब नवी आणून डोस द्या. उलटी झाली तर थेट दाखल करा. घरपोच औषध देणारे उद्याची वेळ दाखवत होते. त्या पोरांच्या गाड्याही आज चाकाखाली लिंबू ठेवून उभ्या असणार.

बाटली खराब झाली नव्हती, केली होती. काल पूजेसाठी सासूबाईंनी घरचा फ्रिज घासून धुतला. तोवर इन्सुलिन बाहेर राहिलं, गरम झालं असेल, म्हणून मायेने दोन्ही बाटल्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि सकाळी परत जागेवर लावल्या. गोठलेलं इन्सुलिन पाण्याच्या लायकीचं राहतं, हे त्यांना कोण सांगणार? दुपारी त्यांनी ही युक्ती मोठ्या कौतुकाने बोलून दाखवली, तेव्हा शुभदाच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा चंद्रकांत कारखान्यातल्या पूजेला गेलेला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आईला आज काही बोलू नकोस. सणाचा दिवस आहे, जिवाला लावून घेईल."

"मंजुनाथअण्णा," ती आता काकुळतीला आली, "पोरीच्या जिवाचं आहे हो."

"कळतंय की. मला काय लेकरं नाहीत?" त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. वाईट माणूस नव्हताच तो. निपाणीकडचा, आपल्या भाषेत बोलणारा, म्हणून तर ती दोन दुकानं ओलांडून त्याच्याकडे यायची. "पण वर्षाचा धंदा आहे, अक्का. स्वल्प समजून घ्या. हे भव्याला द्या."

त्याने तिच्या हातात प्रसादाची पुडी ठेवली. चुरमुरे, फुटाणे आणि वर म्हैसूरपाकाची भली मोठी वडी.

शुभदाने ती वडी पाहिली. मग पुडी तिथेच ठेवली, गल्ल्याची फळी वर केली आणि ती आत शिरली.

"अक्का! चप्पल!" मंजुनाथ ओरडला.

तिने चपलेसकट जाऊन मुठीवरची माळ ओढली. दोरा तटकन तुटला आणि फुलं तिच्या पायांवर पडली. हवी ती बाटली तिने स्वतःच शोधून घेतली.

"वर्षाचा धंदा नासवला तुम्ही," तो कसाबसा म्हणाला.

"वर्षभर तुमचा धंदा आमच्या पोरीच्या आजारावरच चालतो, अण्णा," शुभदा म्हणाली. "पूजा करायची तर तिची करा."

दिवे लागेपर्यंत भव्याची साखर उतरू लागली. पोरीने डोळे उघडून दोसा मागितला, तशी शुभदाला एकदम रडू फुटलं. सासूबाई भव्याचे पाय चेपत बसल्या होत्या. त्यांनी उशाची बाटली खोक्यासकट उचलून दिव्याकडे धरली. खोक्याला कुंकू लागलेलं होतं आणि शेवंतीची एक पाकळी चिकटली होती.

"अगंबाई, पूजेतली दिली की त्यानं!" त्यांनी बाटली डोळ्यांना लावली. "म्हणून गुण आला बघ. माणूस धर्माचा हो."

शुभदाच्या ओठांवर सगळं आलं होतं. ती सासूबाईंच्या सुरकुतलेल्या, भोळ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. भर दुकानात परक्याची माळ तोडली होती तिने. इथे मात्र जीभ उचलेना.

"कधीची बाहेर आहे ही, गरम झाली असेल," असं पुटपुटत सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात फ्रीझरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. त्या देवासमोर जाऊन बसल्या. शुभदा पाय न वाजवता आत गेली, बर्फातून बाटली काढली आणि पदराने पुसून मुठीत घेतली.

"बर्फात ठेवलीय ग बाटली," देवापाशी बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या. "आता घोर नाही. तू पड जरा."

"होय, आत्ती," शुभदा म्हणाली.