शेवटचे अठरा सेकंद

"माणसं मोजू नकोस गं, वाईट असतं ते," निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. मकपालने हसून हो म्हटलं आणि बसमध्ये बसल्या बसल्या, बोट न दाखवता, नुसत्या डोळ्यांनी मोजलंच. जाताना अकरा, येताना अकरा. तान्ही झेरे तिच्या पोटाशीच बांधलेली, तिला वेगळं मोजायची गरज नव्हती. बाळ झाल्यापासून मकपाल सगळंच मोजायची. झोपलेल्या झेरेचे श्वाससुद्धा.

माळावरच्या चित्रीकरणाहून सगळे शुक्रवारी परतले. आज रविवार, बारा एप्रिल, अंतराळ दिन. कारागांदाच्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळपासून फोन थांबत नव्हता. 'तोझान' बँडचं 'परतीची कक्षा' हे नऊ मिनिटांचं गाणं काल दुपारी नेटवर आलं आणि आत्तापर्यंत तीन लाख लोकांनी ते पाहिलं होतं.

मकपालने कपाटावरचं पाकीट आणखी मागे सरकवलं. त्यात तेलविहिरीवरच्या नोकरीचा करार होता. गाणं पडलं, तर सांझार, तिचा नवरा, उद्या त्यावर सही करणार होता. मग दीड महिना तिकडे, पंधरा दिवस इकडे. झेरेने बापाला फोनवरच ओळखायचं.

"ए, हे ऐक," सांझार म्हणाला. बँडमध्ये गिटार वाजवायचा तो. ड्रोन त्यानेच उडवला होता आणि व्हिडिओही त्यानेच जोडला होता. "'शेवटचे अठरा सेकंद बघून रडलो.' आणि ही बाई म्हणते, तो गुडघे टेकतो ना, तिथे तिला तिचे वडील आठवले."

"लाव ना परत."

उघडा माळ, वरून दिसणारा. चंदेरी पोशाखातला अंतराळवीर एकटाच चालत येतो, अडखळतो, गुडघे टेकतो आणि आकाशाकडे हात उंचावतो. कॅमेरा वर वर जातो. माणसाचा ठिपका होतो आणि गाणं संपतं.

"दौरेनला हे सुचलं कसं? सकाळी तर त्याला धड चालताही येत नव्हतं त्यात."

दौरेन म्हणजे बँडचा गायक. पोशाख मकपालने शिवला होता. आत रजईचा कापूस, वर चंदेरी कापड, चेन पाठीवर; मोटरसायकलच्या हेल्मेटला सोनेरी कागद चिकटवून ते मागून बकलांनी अडकवलेलं. आतून फारसं दिसायचं नाही आणि काढायला दुसरं माणूस लागायचं.

"त्यालाच विचार. मला तर घरी आल्यावर ड्रोनच्या कार्डात सापडलं. कधी केलं, कळलंही नाही."

अकराच्या सुमारास दौरेन स्वतःच उगवला. "वहिनी, चहा! आणि दूध जरा सढळ हाताने. दारात स्टार उभा आहे."

"स्टारने बूट बाहेर काढावेत," मकपाल म्हणाली. "खरं सांग, शेवटचं ते कसं केलंस?"

"कलाकाराची गुपितं विचारू नयेत."

"गुपित कसलं, घसरला असेल," सांझार हसला.

दौरेनही हसला, पण ताटलीतल्या तळलेल्या बाऊरसाकांकडे बघत. त्याने दोन एकदम तोंडात कोंबले.

तेवढ्यात टीव्ही वाहिनीचा फोन आला. संध्याकाळी थेट कार्यक्रम होता. गायकाने तोच पोशाख घालून, मंचावर तसेच गुडघे टेकून हात उंचावायचा. मग देशभर दौऱ्याचं बोलू, म्हणाले. सांझारने झेरेला उचलून गिरकी घेतली.

"ते पाकीट फाड गं! फाडच!"

"आधी पोशाख आणा. धुवायला हवा," मकपाल म्हणाली. "कुठाय तो?"

दौरेनने कप खाली ठेवला. "पोशाख देऊन टाकला, वहिनी."

"कोणाला?"

"बेकेन अक्साकालांना."

अक्साकाल, म्हणजे वडीलधारे, बेकेन हे माळावर एकटे राहणारे म्हातारे मेंढपाळ. त्यांच्याच घरी सगळे दोन दिवस उतरले होते. त्यांनी कोकरू कापलं होतं.

"निघताना मोठ्या माणसाच्या अंगावर मानाचा झगा, चपान, चढवायला नको का? चपान नव्हतं जवळ. म्हटलं, हेच चढवू. काय खूश झाले! लांब, टेकडीपाशी उभं करून हेल्मेटसकट फोटो काढला. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्नवर हातच ठेवला, वादळ येतंय म्हणून. मी धावत सुटलो. तुला सांगायची हिंमत नव्हती, दोन महिने खपत होतीस."

"जाऊ दे, दुसरा काहीतरी जुळवू," सांझार म्हणाला.

मकपाल पडद्याकडे बघत होती. साडेआठ मिनिटं आकाश निळं, धुतल्यासारखं. शेवटच्या अठरा सेकंदांत मात्र कडेने काळपट पट्टा चढत आलेला.

"हा ढग तू रंगवलास?"

"छे, खरा आहे. बसच्या दारातून ड्रोन परत बोलावला ना, तो आधी वर चढतो, तेव्हाचा, अगदी शेवटी..." सांझारचा आवाज बारीक झाला.

ढग आला तेव्हा सगळे बसमध्ये होते. दौरेन तिसऱ्या सीटवर, ओले मोजे हीटरवर वाळत घालून. तिने मोजलं होतं.

"दौरेन, हा तू नाहीस."

"मला वाटलं, सांझारने कॉम्प्युटरवर केलंय," दौरेन पुटपुटला. "लोक एवढं कौतुक करत होते..."

बेकेन अक्साकालांचा फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खरं काय ते लिहिलं की संध्याकाळचा कार्यक्रम गेला, हे मकपालला कळत होतं. तिने झेरेला सांझारच्या हातात दिलं आणि व्हिडिओखाली, सगळ्यांच्या वर दिसेल असं, लिहायला घेतलं:

'शेवटच्या अठरा सेकंदांत अभिनय नाही. ते बेकेन अक्साकाल आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. ते आकाशाला निरोप देत नाहीत, आमच्या बसला थांबवतायत. तो पोशाख आणि हेल्मेट त्यांना एकट्याने काढता येत नाही. जेझकाझगानच्या उत्तरेला, जुन्या खाणीच्या रस्त्यावर निळ्या दाराचं एकच घर आहे. तुमच्यापैकी कोणी जवळपास असाल, तर गाणं बंद करा आणि जाऊन त्यांना बघा.'