दक्षिणेला पाय

हुबळीच्या डॉक्टरांनी “आता शेवटचे दिवस घरीच काढू द्या” म्हटल्यावर सुधींद्रने आईला, राधाक्कांना, धारवाडला आणलं. पुढच्या खोलीत पंख्याखाली खाट मांडली, पण त्यांचं तोंड वाकडंच. “भिंत बघायला आणलंस काय रे? खाट फिरव, मला स्वयंपाकघर दिसू दे.” “अव्वा, पाय दक्षिणेला होतात. तसं मेलेल्या माणसाला निजवतात.” “मग मला काय बाळंतपणाला आणलंयस?” सुधींद्र जागचा हलेना. दारात मधुवंती, त्याची बायको, ऐकत होती. वीस वर्षं तिने सासूच्या नजरेखाली पोळ्या लाटल्या होत्या. त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा कुठे स्वयंपाकघर तिचं झालं होतं. तिने पदर खोचला, खाटेची कड धरली आणि नवऱ्याला म्हणाली, “उचला.” खाट फिरली. राधाक्कांनी उशीवर मान सावरली. मधुवंतीने आत जाऊन आमटीला फोडणी दिली. “मोहरी जळाली,” राधाक्का समाधानाने म्हणाल्या.